देखाव्याखालची जमीन : रस्त्याच्या लघुप्रतिकृतींची एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : कर्जत व खालापूर तालुके)

प्रास्ताविक

रस्त्याचा देखावा लघुप्रमाणात रचलेला असला की पाहणाऱ्याची नजर प्रथम घरांवर जाते, नंतर वाहनांवर व माणसांवर. हे सर्व ज्या पृष्ठभागावर उभे असते त्याकडे ती क्वचितच वळते. प्रतिकृतीकारही बहुधा याच क्रमाने काम करतात. घरे आधी तयार होतात, आणि ती मांडण्यासाठी शेवटच्या रात्री एक फळी शोधली जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की हा क्रमच उलटा आहे. रस्त्याच्या देखाव्याचे वास्तव त्याच्या तळात असते. पाणी कोठून वाहिले, वजन कोठे पडले आणि पाय कोठे घासले याची नोंद तळच ठेवतो. तो खोटा असेल, तर त्यावरची घरे कितीही सुबक असली तरी ती फडताळात ठेवलेल्या खेळण्यांसारखी दिसतात.

अशा रचनेला 'डायोरामा' म्हणतात. लुई दागेर याने १८२२ मध्ये पॅरिस येथे प्रकाशयोजनेच्या साह्याने बदलती चित्रदृश्ये दाखविणारे जे प्रेक्षागृह उघडले, त्याचे हे नाव. पुढे ते संग्रहालयांतील त्रिमित दृश्यांना व छंद म्हणून केल्या जाणाऱ्या लघुरचनांना लागू झाले. आपल्याकडे त्यासाठी 'देखावा' हा शब्द केव्हापासूनच रूढ आहे. गणेशोत्सवामुळे त्याला जी रोषणाईची व भपक्याची छटा आली आहे ती क्षणभर बाजूला ठेवली, तर हा शब्द अधिक नेमका वाटतो. लेखात दोन्ही शब्द वापरले आहेत.

संग्रहालय, लघुरेल्वे आणि चित्रनगरी

मराठी प्रेक्षकाला लघुदृश्यांचा परिचय प्रथम घडविला तो मुंबईच्या भायखळा येथील संग्रहालयाने. १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे हे संग्रहालय जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा उघडले. सेसिल बर्न्स व अर्नेस्ट फर्न यांच्या कारकिर्दीत तेथे मातीच्या लहान आकृतींचा मोठा संग्रह तयार झाला. त्यांतील पगडीचे पेच, लुगड्याची नेसण आणि कारागिराच्या हातातील हत्यार यांची अचूकता आजही थक्क करते. परंतु त्या आकृती ज्यावर उभ्या आहेत तो बहुतेक ठिकाणी सपाट पाटच आहे. हे अनवधानाने झाले असे वाटत नाही. त्या संग्रहाचा हेतू वर्गीकरणाचा होता. माणूस हा त्याच्या जातीचा अथवा धंद्याचा नमुना म्हणून मांडायचा होता, आणि नमुन्याला जमीन लागत नाही, चौथरा पुरतो. कुंभार दाखवायचा, पण त्याच्या अंगणातला चिखल वगळायचा, ही त्या काळाच्या ज्ञानव्यवहाराची रीतच होती. तिचा वारसा आपल्या शालेय प्रदर्शनांतील 'बारा बलुतेदार' या तक्त्यांपर्यंत पोहोचला आहे.

पुण्यातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तेथे तळाचा प्रश्न निराळ्या रीतीने टळतो. गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, उड्डाणपूल व दिव्यांचे खांब यांनी एक शहर उभे राहते, आणि लहान मुलांइतकेच त्यांचे आजोबाही तेथे रमतात. मात्र त्या शहराला गाव नाही. त्याचे आकर्षण गतीत आहे, त्यामुळे जमीन ही रूळ धरून ठेवणारी एक सोय ठरते. हा त्या संग्रहालयाचा दोष नव्हे. लघुरेल्वेच्या जगभरच्या पद्धतीचाच तो परिणाम आहे. या छंदात सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात रूळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते, कारण युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या रूळमार्गाचे ते लघुरूप आहे. कर्जत स्थानकातला मार्ग १६७६ मिलिमीटरचा. त्याचे याच प्रमाणातील लघुरूप १९.३ मिलिमीटर होते. म्हणजे घाट चढण्यासाठी जेथे गाड्यांना जादा इंजिने जोडली जातात ते कर्जत स्थानक तयार रूळांवर रचू पाहणारा पहिल्याच पावलाला जवळजवळ तीन मिलिमीटरने चुकतो. नेरळ-माथेरानच्या ६१० मिलिमीटरच्या रुळांचे त्याच प्रमाणात बरोबर ७ मिलिमीटर होतात. तयार साहित्य विकत घेताना त्याबरोबर परकी जमीनही घरात येते, याचे हे साधे गणित आहे.

रस्त्याच्या तळांबाबत हे अधिकच खरे आहे. १:३५ या प्रमाणातील लष्करी प्रतिकृतींच्या छंदाला अमेरिकेचे शेपर्ड पेन व बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. युक्रेनमधील मिनिआर्टसारख्या कंपन्या या प्रमाणातील तयार तळ विकतात. घडीव दगडांची फरसबंदी, भग्न विटांची भिंत, कोपऱ्यावर दिव्याचा खांब : हा युरोपीय नगराचा, आणि त्यातही युद्धात उद्ध्वस्त झालेल्या नगराचा, तळ होय. तो उत्तम असतो, यात वाद नाही. पण त्यावर आपली तीनचाकी रिक्षा उभी केली की ती वाट चुकून आल्यासारखी दिसते.

आता चित्रनगरीकडे वळू. कर्जतचा म्हणून ख्यात असलेला, वस्तुतः खालापूर तालुक्यात चौकनजीक असलेला एन. डी. स्टुडिओ कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये उभारला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. चित्रपटाचा सेट ही लघुप्रतिकृती नव्हे, तो पूर्ण आकाराचा असतो. तरीही तळाच्या प्रश्नावर देसाई यांच्या दोन कामांची तुलना उद्‌बोधक ठरते. दोन्ही चित्रपट आशुतोष गोवारीकर यांचे. 'लगान' (२००१) या चित्रपटासाठी गाव उभारले गेले कच्छमध्ये भुजनजीक. तेथे जमीन आधी निवडली गेली आणि घरे नंतर आली. पावसाची वाट पाहणाऱ्या गावाची कथा ती कोरडी जमीनच अर्धी सांगून टाकते. 'जोधा अकबर' (२००८) साठी आग्ऱ्याच्या किल्ल्याचे भव्य सेट खालापूरच्या जमिनीवर उभे राहिले. येथे जमीन कथेला पारखी होती, म्हणून ती झाकावी लागली. माझ्या मते त्या चित्रपटातील वास्तुरचना जितकी डोळ्यांत भरते तितकी तिची जमीन मनात राहत नाही. शेकडो माणसे चालूनही त्या फरशीवर कोणाच्या येण्याजाण्याची खूण उमटत नाही. राजवाड्याच्या कथेला असे चकाकते तळ शोभून दिसतात, हे मान्य करूनही 'लगान'मधील धूळ मला अधिक श्रेष्ठ कलाकृती वाटते.

किल्ल्याची परंपरा

तळ आधी व इमारत नंतर हा क्रम आपल्याला परका नाही. दिवाळीत किल्ला करणारी मुले तो न शिकवता पाळतात. आधी दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट, मग हाताने थापलेली माती. उतार जमल्याखेरीज कोणी बुरुजाला हात लावीत नाही. मातीत अळीव पेरले जातात आणि चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. तांब्याने वरून पाणी सोडून ओढा कोठून जाईल हे पाहिले जाते, आणि जेथून तो जातो तेथे वाट काढायची नाही हे पोरांना तत्काळ कळते. प्रमाणाचा विचार मात्र या परंपरेत मुळीच नाही. मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि पायथ्याच्या रस्त्यावर एखादी प्लास्टिकची मोटारही निर्धास्त उभी असते. परंतु भूमीचे भान तिच्यात पुरेपूर आहे. बाजारात मिळणारे प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले हे भान पुसून टाकतात, आणि आमच्या महाविद्यालयीन प्रतिकृती स्पर्धांनी ते अगोदरच पुसले आहे. तो भाग पुढे येईल.

कर्जत-खालापूरचा तळ

या दोन तालुक्यांतील बाजाररस्ता १:३५ या प्रमाणात रचायचा झाल्यास तळात काय काय असावे लागेल, याचा थोडा तपशिलाने विचार करू.

पहिली गोष्ट उताराची. पावसाचे पाणी निथळावे म्हणून रस्ता मध्यभागी किंचित उंच ठेवतात. बांधकाम खात्यात त्याला कँबर म्हणतात. सहा मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याला चाळिसास एक असा उतार धरला तर मध्य कडेपेक्षा साडेसात सेंटिमीटर उंच राहतो. १:३५ प्रमाणात हे अंतर जेमतेम दोन मिलिमीटर भरते. एवढ्या दोन मिलिमीटरांनी रस्ता हा रस्ता दिसतो, आणि ते नसतील तर तो टेबलाचा पृष्ठभाग दिसतो. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या मध्यभागी चिकटवून त्यावर प्लास्टरचा पातळ थर ओढला की काम होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ही सजावट नव्हे. पाणी कोणत्या बाजूच्या दुकानात शिरेल हे त्यावरून ठरते.

दुसरी गोष्ट उंबऱ्यांची. जुन्या बाजारपेठेतील घरांचे ओटे एकेकाळी रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या उंच होते. डांबराचे थर एकावर एक चढत गेले, नंतर काँक्रीट आले, आणि रस्ता वर येऊन ओटा खाली गेला. काही घरांची शेवटची पायरी आता रस्त्यात गाडलेली आहे. शेजारचे नवे बांधकाम मात्र नव्या पातळीवरून सुरू होते. एकाच रांगेतील चार घरांचे चार उंबरे चार उंचींवर असणे ही त्या रस्त्याची पन्नास-साठ वर्षांची बखर होय. विद्यार्थ्यांच्या प्रतिकृतींत सर्व घरे एकाच पातळीवर चिकटवलेली असतात. म्हणजे सारा बाजार एका दिवसात बांधला गेला, असेच ती प्रतिकृती सांगते.

तिसरी गोष्ट मला विशेष प्रिय आहे. कौलारू छपराच्या पागोळ्या पावसाळाभर एकाच ओळीत पडतात. त्या ओळीवरची माती धुऊन जाते, बारीक खडे उघडे पडतात आणि वळचणीला समांतर अशी लहान लहान खळग्यांची एक रेघ जमिनीवर उमटते. पन्हळ बसवलेल्या घरापुढे ती नसते. तेथे पन्हळीच्या तोंडाखाली एकच खोल खड्डा असतो आणि त्यात कोणीतरी फरशीचा तुकडा टाकून ठेवलेला असतो. तळात ही रेघ असली की वर छप्पर आहे हे छपराकडे न पाहताही कळते. ती काढायला प्लास्टर ओले असताना दाभणाचे टोक पुरते. मात्र त्यासाठी छप्पर कोठवर येणार हे तळ करतानाच ठाऊक असले पाहिजे. घर व जमीन यांचा एकत्र विचार करायला भाग पाडणारा याहून चांगला धडा मला आढळलेला नाही.

मातीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. खरी माती वापरली की तळ आपोआप खरा होतो, हा समज चुकीचा आहे. वाळूचा एक मिलिमीटरचा कण १:३५ प्रमाणात साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो, आणि १:८७ प्रमाणात साडेआठ सेंटिमीटरहून मोठा. साधी चाळलेली माती पसरली की बाजारात दरड कोसळल्यासारखे दिसते. माती वस्त्रगाळच हवी. ती पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर भुरभुरावी. द्रावणात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब असला तर ते मातीचे गोळे न करता तिच्यात झिरपते. वाळल्यावर माती गडद होते, म्हणून रंग फिका ठेवावा लागतो. दुरून पाहिलेली वस्तू जशी थोडी धूसर दिसते, तशी लघुप्रतिकृतीही मूळ वस्तूपेक्षा थोड्या फिक्या रंगात अधिक खरी वाटते. शेवाळाचा हिरवा-काळा रंग मात्र भिंतीच्या पायथ्याशी, ओल चढते तेवढ्या हातभर उंचीपर्यंतच असावा. सगळी भिंत हिरवी करण्याचा मोह अनेकांना आवरत नाही.

उताराचा प्रश्न कौशल्यापुरता मर्यादित नाही, याची जाणीव या परिसराला फार कठोर रीतीने झाली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगावर वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन चौक परिसरात झाले. ती वाडी आता पाहता येत नाही. तिच्या घरांमधून जाणाऱ्या वाटा कशा चढत होत्या, कोणाचे अंगण कोणाच्या छपराच्या पातळीवर होते, हे आता फक्त तेथे राहिलेल्यांना सांगता येईल. उद्या कोणा विद्यार्थ्याने त्यांच्याकडून ऐकून तिची प्रतिकृती करायचे ठरविले आणि ती सपाट फळीवर मांडली, तर त्या वाडीविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्टच त्या प्रतिकृतीतून गळालेली असेल.

माथेरानचा लाल रस्ता

रस्त्याचा पृष्ठभाग हा किती गंभीर वादाचा विषय होऊ शकतो, याचे उदाहरण कर्जत तालुक्यातच आहे. माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटारींना प्रवेश नाही. जांभ्याच्या लाल मातीचे रस्ते, कडेने लावलेले दगड, घोड्यांच्या टापांनी भुगा झालेली धूळ आणि त्या धुळीने गुडघ्यापर्यंत रंगलेले पर्यटक हे तेथील दृश्य सर्वपरिचित आहे. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. मातीची धूप थांबावी व हातरिक्षा ओढणाऱ्यांचे अमानुष कष्ट संपून ई-रिक्षा चालाव्यात म्हणून मातीचे पेव्हर ब्लॉक बसवावेत, असा एक पक्ष. गिरिस्थानाचे रूपच त्यामुळे नष्ट होईल आणि घोडे घसरतील, असा दुसरा. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यापुरते मान्य केले आणि अंतर्गत रस्ते व पायवाटा त्यांतून वगळल्या.

हातरिक्षा गेली पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. लाल मातीच्या सौंदर्यासाठी कोणी माणसाने माणसाला ओढावे, असे म्हणणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु समीक्षकाने येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. एखाद्या प्रतिकृतीत माथेरानचा मुख्य रस्ता लाल मातीचा आहे की पेव्हरचा, यावरून त्या प्रतिकृतीचा काळ ठरतो. लाल मातीत चाकांचे दोन समांतर चर असतील तर तेथून हातरिक्षा गेली आहे. चरांच्या मधोमध उथळ पाऊलखुणा असतील तर ती ओढणारा माणूसही त्या तळात नोंदला गेला आहे, मग देखाव्यात त्याची आकृती उभी केलेली असो वा नसो. घरांच्या लोखंडी कठड्यांवर व कमानींवर महिनाभर खपणारा प्रतिकृतीकार जर रस्त्यासाठी लाल रंगाचा एक हात मारून मोकळा होत असेल, तर त्याने त्या गावातील श्रमाचा इतिहास पुसला असे म्हणावे लागते.

परीक्षकाचा तक्ता

हे सर्व लिहिण्यामागे एक वैयक्तिक खंत आहे, ती येथे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन प्रतिकृती स्पर्धेत मी परीक्षक होतो. विषय होता 'आमचा बाजाररस्ता'. पहिला क्रमांक ज्या प्रतिकृतीला मिळाला तिच्यात सनबोर्डची नेटकी घरे होती, काळ्या पॉलिश पेपरचा रस्ता होता, त्यावर मधोमध पांढरी तुटक रेघ होती आणि दोन्ही बाजूंना हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा होता. असा रस्ता आमच्या तालुक्यात कोठेही नाही. तिच्या शेजारी एक मळकट प्रतिकृती होती. तिचा तळ गोणपाट व मातीचा, एका बाजूला झुकलेला. कडेला उघडे गटार, गटारावर ठिकठिकाणी टाकलेल्या फरश्या, त्यांतील एक तुटलेली. दुकानांवर निळ्या ताडपत्रीचे तुकडे. घरे मात्र ओबडधोबड होती, एकाचे दार तर वाकडेच बसले होते. गुणांच्या तक्त्यात चार रकाने होते : रचना, रंगसंगती, स्वच्छता व सादरीकरण. 'स्वच्छता' या रकान्यात मी तिला दहापैकी तीन गुण दिले. तक्ता मला तयार मिळाला होता हे खरे, पण तीन हा आकडा माझाच होता. निकालानंतर त्या विद्यार्थ्याने तक्रार केली नाही. फक्त एवढेच विचारले, "सर, गटार दाखवायचं नव्हतं का?" मी काहीतरी गुळगुळीत उत्तर दिले.

तो प्रश्न मला त्यानंतर अनेकदा आठवला आहे. बाजाररस्ता स्वच्छ दाखवावा ही अपेक्षा आपण तक्त्यात लिहून ठेवली होती, आणि वास्तवदर्शी प्रतिकृती करा असेही आपणच सांगितले होते. या दोन्ही सूचना एकत्र पाळायच्या झाल्या तर पॉलिश पेपरखेरीज मार्ग उरत नाही. इतिहास, भूगोल, मराठी व समाजशास्त्र या विभागांचे सहकारी अशा स्पर्धांचे परीक्षक असतात. प्रत्येकाच्या विषयाला त्या गटारात काही ना काही सापडले असते.

याउलट, केवळ मळ म्हणजे वास्तव असेही मला म्हणायचे नाही. तळ मुद्दाम घाण करणे हीदेखील अलीकडची एक फॅशनच आहे. गंजाचे ओघळ, चिखलाचे शिंतोडे आणि भेगा सर्वत्र सारख्याच पसरलेल्या दिसल्या की त्या कारणावाचून आल्या आहेत हे लगेच कळते. भेग पडायला काहीतरी वजन लागते आणि शेवाळाला ओल लागते. त्या विद्यार्थ्याच्या प्रतिकृतीत फरशी जेथे तुटली होती, तेथेच समोरच्या दुकानात पोत्यांची थप्पी होती. हे मला घरी आल्यावर, छायाचित्र पाहताना लक्षात आले.

पुढील स्पर्धेच्या नियमावलीसाठी मी दोन दुरुस्त्या लिहून दिल्या आहेत. 'स्वच्छता' हा रकाना काढून त्या जागी 'जमीन' हा रकाना घालावा आणि त्याला शंभरापैकी तीस गुण ठेवावेत. दुसरी अशी की स्पर्धकांनी प्रथम फक्त तळ आणून दाखवावा, घरे न चिकटवता, प्लास्टरवर लाखेचा एक हात देऊन. परीक्षकांनी त्याच्या वरच्या टोकाला वाटीभर पाणी ओतावे आणि ते कोठे जाऊन साचते हे स्पर्धकाला आधीच सांगता येते का, ते पाहावे. एका सहकाऱ्यांनी बैठकीत हरकत घेतली की त्यामुळे सभागृहातील टेबलक्लॉथ भिजतील. ते काढून ठेवावेत, असे ठरले आहे.